तिघांची मैफल : जॅझमधील ऑर्गन-त्रयी

‘ऑर्गन’ म्हटलें कीं मराठी श्रोत्याच्या कानांत प्रथम घुमतो तो संगीत नाटकांतील ऑर्गन. रंगमंचाच्या पायथ्याशीं बसलेला वादक, त्याच्या पायांखालीं हलणारे भाते, नांदीपूर्वीं लांबविलेला षड्ज आणि त्याला येऊन मिळणारी तबल्याची थाप, हें चित्र नाट्यसंगीताची आवड असलेल्या घरांतून अजूनहि पुसलें गेलेलें नाहीं. प्रस्तुत भाषणाचा विषय असलेला ऑर्गन मात्र निराळा आहे. त्याला भाता नाहीं, त्यांत वारा खेळत नाहीं आणि पितळेच्या स्वरपट्ट्याहि नाहींत. तो विजेवर चालतो, त्याचें वजन चारशें पौंडांहून अधिक भरतें, आणि त्याच्या पायाखालच्या पट्ट्या वारा भरण्यासाठीं नसून प्रत्यक्ष स्वर वाजविण्यासाठीं असतात. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं या अजस्र वाद्याला एक गिटार आणि एक ड्रम यांची जोड दिली व तिघांची एक मैफल उभी केली. तिकडे तिला ‘ऑर्गन ट्रायो’ म्हणतात. आपण तिला ऑर्गन-त्रयी म्हणूं.

हें वाद्य शिकागो येथील लॉरेन्स हॅमंड नांवाच्या एंजिनियरानें तयार केलें. १९३४ सालीं त्यास पेटंट मिळालें आणि १९३५ सालीं वाद्य बाजारांत आलें. हॅमंड स्वतः वादक नव्हता. त्याचा मूळ धंदा विजेच्या घड्याळांचा. आणि घड्याळाचा कांटा अचूक चालावा म्हणून ठराविक गतीनें फिरणारी जी मोटार त्यानें बनविली होती, तसलीच मोटार त्यानें या वाद्याच्या पोटांत बसविली. ही मोटार धातूचीं ९१ लहान चाकें फिरविते. चाकांच्या कडा दंतुर असतात. प्रत्येक चाकाजवळ एक लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तारेचें वेटोळें. चाकाचा दांता चुंबकासमोरून गेला कीं वेटोळ्यांत विजेची एक लहर उठते. सेकंदाला ४४० दांते गेले तर ४४० लहरी उठतात, आणि पाश्चात्त्य वादक ज्यावर आपलीं वाद्यें मिळवितात तो स्वर निघतो. चाकें सदैव फिरतच असतात. बोटानें पट्टी दाबली म्हणजे त्या लहरीस ध्वनिवर्धकाकडे जाण्याची वाट मोकळी होते, एवढेंच. यांतून एक मौज अशी झाली कीं, या वाद्याचा सूर कधीं उतरत नाहीं. आपल्या पेटीचे सूर हवेनें आणि वापरानें बदलतात. याचा सूर बिघडावयाचा तर गांवाच्या वीजघराची गति बिघडली पाहिजे.

चाकांतून निघणारा स्वर अगदीं साधा, जवळजवळ बेचव असतो. त्याला चव आणण्यासाठीं पट्ट्यांच्या वर ओढावयाच्या नऊ नऊ दांड्या बसविलेल्या आहेत. एक दांडी मूळ स्वराची, एक त्याच्या खालच्या सप्तकाची, बाकीच्या वरच्या उपस्वरांच्या. मिसळणाच्या डब्यांतून गृहिणी जशी एक चमचा हें, अर्धा चमचा तें असें घालते, तशा या दांड्या कमीअधिक ओढून वादक आपला नाद सिद्ध करतो. प्रत्येक ऑर्गनवादकाचें मिसळण ठरलेलें असतें, आणि जाणकारास दोन स्वरांतच तें ओळखूं येतें.

वाद्य नवें निघालें तेव्हां त्याच्यावर एक खटलाच उभा राहिला. वाद्य हुबेहूब चर्चमधील नळ्यांच्या ऑर्गनसारखें वाजतें, असा हॅमंडच्या कंपनीचा डांगोरा होता; अमेरिकन सरकारच्या व्यापार-आयोगानें त्यास हरकत घेतली. १९३७ सालीं शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरांत दोन्ही वाद्यें पडद्याआड वाजवून श्रोत्यांची परीक्षा घेण्यांत आली. सुमारें एक तृतीयांश वेळां ऐकणारांचा अंदाज चुकला! तथापि १९३८ सालीं आयोगानें कंपनीस आपल्या जाहिरातींतील कांहीं विधानें मागें घेण्याचा हुकूम दिलाच. वाद्यांस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याची हौस केवळ अमेरिकेचीच, असें मात्र नाहीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९४० सालीं, ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाहीं. दोन्ही ठिकाणीं पंडितांचें म्हणणें खोटें नव्हतें; परंतु वाद्यानें कोणाची तरी नक्कल करावी या अपेक्षेनेंच त्याकडे पाहिलें, तर त्याचा स्वतःचा गुण दिसत नाहीं. हॅमंडचा ऑर्गन नळ्यांच्या ऑर्गनसारखा वाजतो कीं नाहीं, हा प्रश्न पुढें आपोआपच निरर्थक ठरला. त्याचें कारण, त्याच्या दोन दोषांतून त्याचा खरा आवाज जन्मास आला.

पहिला दोष असा. प्रत्येक पट्टीखालीं विजेचे नऊ संपर्क असतात आणि ते अगदीं एकाच क्षणीं जुळत नाहींत. त्यामुळें स्वर सुरू होतांना ‘टक्’ असा बारीक आवाज होतो. कंपनीच्या एंजिनियरांना हा दोष वाटे आणि तो घालविण्यासाठीं त्यांनीं पुष्कळ खटपट केली. जॅझच्या वादकांना मात्र तोच हवा होता. ऑर्गनच्या स्वराला स्वभावतः आघात नाहीं. बोट हलकें ठेवा कीं जोरानें मारा, आवाज तेवढाच. तबल्याच्या बोलाला जशी धार असते तशी धार या ‘टक्’मुळें स्वराला आली, आणि ज्या संगीतांत लय हाच प्राण, त्यांत या वाद्याला प्रवेश मिळाला. दुसरा दोष कोरडेपणाचा. हॅमंडच्या मूळ ध्वनिक्षेपकांतून आवाज सपाट आणि निर्जीव येई. डॉन लेस्ली नांवाच्या गृहस्थानें १९४० च्या सुमारास एक लांकडी कपाट तयार केलें. त्यांत उंच स्वरांसाठीं एक कर्णा आणि खर्जासाठीं एक पिंप मोटारीनें गरगर फिरतें. आगगाडी जवळून जातांना तिची शिटी चढते व उतरते, हा अनुभव सर्वांचाच आहे. तीच क्रिया येथें सेकंदांत अनेक वेळां घडते आणि आवाजाला एक सजीव कंप सुटतो. लेस्लीनें आपलें कपाट हॅमंडला दाखविलें, पण त्याला तें पसंत पडलें नाहीं. पुढें जगांतील बहुतेक ऑर्गनवादकांनीं त्या दोघांचीं यंत्रें शेजारीं शेजारीं ठेवूनच वाजविलीं.

नळ्यांचा ऑर्गन विकत घेणें न परवडणाऱ्या अनेक कृष्णवर्णीय चर्चमंडळ्यांनीं हॅमंड घेतला. तेथील प्रार्थनेंत टाळ्या असतात, आर्त हाका असतात, उपदेशकाच्या वाक्यावर मंडळींचें प्रत्युत्तर असतें. ऑर्गन तेथें केवळ साथ देत नाहीं; तो हुंकार भरतो. आपल्या कीर्तनांत झील धरणारे करतात, तसेंच कांहींसें तें काम आहे. पुढें रात्रींच्या नाचगाण्याच्या ठिकाणीं जो ऑर्गन वाजूं लागला, तो रविवारीं सकाळीं ऐकलेल्या या आवाजाची ओळख घेऊनच आला.

जॅझमध्यें ऑर्गन आणणारे जिमी स्मिथच्या आधींहि होऊन गेले. हार्लेममधील लिंकन थिएटरांत फॅट्स वॉलर नळ्यांचा ऑर्गन वाजवीत असे, आणि त्याच्याजवळ बसून काउंट बेसी शिकला. १९५० नंतर वाइल्ड बिल डेव्हिसनें गिटार व ड्रम घेऊन हॅमंडची त्रयी चालविली. तो दोन्ही हातांनीं भरगच्च स्वरसमूह मारी, जणुं कांहीं वीस वादकांचा ताफाच. बिल डॉगेटची १९५६ ची ‘हाँकी टाँक’ ही ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. तीन मिनिटांच्या तबकडींत न मावल्यामुळें ती पूर्वार्ध एका बाजूस व उत्तरार्ध दुसऱ्या बाजूस अशी छापावी लागली होती. हें सर्व खरें असलें तरी आज ऑर्गन-त्रयी म्हणून जी ओळखली जाते ती एकाच माणसानें घडविली.

जिमी स्मिथ हा पेनसिल्व्हेनियांतील नॉरिसटाउनचा. नौदलांत नोकरी करून परतल्यावर त्यानें फिलाडेल्फियांत संगीताचें शिक्षण घेतलें व तो पियानो वाजवूं लागला. डेव्हिसचा ऑर्गन त्यानें ऐकला आणि पियानो सोडला. त्याच्याविषयीं सांगितलें जातें तें असें: पायाच्या पट्ट्या शिकावयास कित्येक वर्षें जातील, असें त्यास बजावण्यांत आलें होतें. त्यानें कर्ज काढून हॅमंड विकत घेतला, तो एका वखारींत ठेवला, पायाच्या पट्ट्यांचा नकाशा समोर भिंतीवर लावला आणि सुमारें वर्षभर तेथेंच मेहनत केली. आपल्याकडे ज्याला चिल्ला म्हणतात त्यांतलाच हा प्रकार. १९५५ सालीं तो लोकांपुढें आला आणि १९५६ च्या आरंभीं न्यूयॉर्कच्या ‘ब्ल्यू नोट’ कंपनीनें त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. कंपनीचे चालक आल्फ्रेड लायन व फ्रान्सिस वुल्फ हे नाझी राजवटीच्या काळांत बर्लिनहून आलेले दोन मित्र. त्यांनीं मुद्रिकेस दिलेल्या नांवाचा अर्थ ‘नवा नाद, नवा तारा’ असा होता. जाहिरातीचीं नांवें सहसा खरीं ठरत नाहींत, हें ठरलें.

स्मिथनें नवें काय केलें? डेव्हिसचा ऑर्गन म्हणजे ताफा होता; स्मिथनें त्याची एकेरी तान केली. नऊ दांड्यांपैकीं पहिल्या तीन पूर्ण ओढावयाच्या व बाकीच्या मिटवावयाच्या, म्हणजे आवाज जाड पण स्वच्छ होतो; आणि मग उजव्या हातानें चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनसारख्या धांवत्या, वळणदार ताना घ्यावयाच्या. डाव्या हातानें खालच्या पट्ट्यांवर खर्जाची चाल चालवावयाची. डाव्या पायानें त्याच खर्जाला क्षणभर स्पर्श करून ठोका द्यावयाचा. उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या पावडीवर. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं, ती सतत चालणारी खर्जाची ओळ सारी पायानेंच वाजते. स्मिथच्या वादनांत तिचा बहुतेक भार डाव्या हातावर असे. पाय तिला धक्का देई, वजन देई. हात आणि पाय यांचे स्वर इतके एकजीव होत कीं, ऐकणाऱ्यास तारेच्या मोठ्या ‘डबल बेस’वर कोणी बोट मारीत आहे असा भास व्हावा. सर्व ऑर्गनवादकांची रीति अशीच असते असें नाहीं. लॅरी यंग किंवा जर्मनीची बार्बरा डेनरलाइन यांचे पाय खरोखरच धांवतात, आणि फ्रान्समध्यें स्थायिक झालेली ऱ्होडा स्कॉट तर त्यासाठीं अनवाणीच बसते.

एका माणसानें दोन माणसांचें काम केल्यामुळें तीन माणसांत चौघांचें काम होऊं लागलें. रात्रींच्या क्लबांचे मालक या हिशेबावर खूष झाले, आणि डबल बेसच्या वादकांची रोजी गेली, हेंहि सांगितलें पाहिजे. त्रयीच्या लोकप्रियतेंत या काटकसरीचा वांटा मोठा आहे. कला केवळ कलेच्या ओढीनेंच रूप घेते असें मानणाऱ्यांनीं हा जमाखर्च एकदां पाहावा.

पण काटकसर असली तरी गिटार आणि ड्रम यांचें काम सोपें होत नाहीं, उलट अवघड होतें. गिटारचे स्वर आणि ऑर्गनच्या उजव्या हाताचे स्वर एकाच सप्तकांत येतात. दोघांनींहि तोंड उघडलें तर गोंगाट. म्हणून गिटारवाल्यानें केव्हां थांबावें हें त्यास कळलें पाहिजे. ड्रमवाल्याचें अवधान याहून सूक्ष्म. डबल बेसची तार छेडली कीं तिचा आवाज विरत जातो आणि त्या विरण्यांत तालवादकास जागा सांपडते. ऑर्गनचा स्वर विरत नाहीं. बोट उचलीपर्यंत तो भिंतीसारखा उभा राहतो. स्मिथजवळ १९५६ पासून कित्येक वर्षें डोनाल्ड बेली हा तालवादक होता. तो मोठ्यानें वाजवीत नसे. झांजेवर एक सरळ, बारीक ठेका धरून ठेवणें आणि ऑर्गन श्वास घेईल तेथेंच एखादी टिचकी मारणें, एवढेंच तो करी. जॅझच्या इतिहासांत त्याचें नांव फारसें मोठ्या अक्षरांत येत नाहीं. पण स्मिथच्या पहिल्या मुद्रिका पुन्हां ऐकून पाहाव्या आणि एकदां केवळ बेलीकडे कान द्यावा. मैफल कोण चालवीत आहे याविषयीं मत बदलण्याचा संभव आहे.

या त्रयीचें भाग्य असें कीं, ती उदयास आली तेव्हां लांब चालणारी तबकडी आली होती. जुन्या तबकडीच्या तीन मिनिटांत ख्याल कसा दडपावा लागे, हें आपल्या गायकांना ठाऊक होतें. ऑर्गन-त्रयीचा मुख्य मजकूर म्हणजे ‘ब्ल्यूज’, चार चार मात्रांच्या बारा भागांचें एक आवर्तन, जें पुन्हां पुन्हां फिरतें. आवर्तनामागून आवर्तन चढत जावयाचें तर वेळ हवा. स्मिथनें १९५८ च्या फेब्रुवारींत ‘द सर्मन’ म्हणजे ‘प्रवचन’ या नांवाची जी गत मुद्रित केली, ती वीस मिनिटांची असून तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. तींत त्रयीखेरीज ट्रंपेट व सॅक्सोफोनवालेहि आहेत. नांव चर्चमधलें, जागा मद्यगृहांतली, आणि दोहोंत विसंगति कोणास वाटली नाहीं.

तरी या संगीताचें खरें घर ध्वनिमुद्रणाची खोली नव्हे. स्मिथच्या पहिल्या वर्षांतल्याच दोन प्रसंगांवरून तें ध्यानांत येतें. १९५६ च्या ऑगस्टमध्यें डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथील ‘क्लब बेबी ग्रँड’ मध्यें त्याची त्रयी मुद्रित झाली. गिटारवर थॉर्नेल श्वार्ट्झ, ड्रमवर बेली. पुढच्या वर्षीं, १५ नोव्हेंबर १९५७ रोजीं, हार्लेममधील ‘स्मॉल्स पॅरडाइज’ या जुन्या, नामांकित ठिकाणीं. येथें गिटारवर एडी मॅकफॅडन. मुद्रण करणारा रूडी व्हॅन गेल्डर. हा मनुष्य दिवसां डोळे तपासून चष्मे देई आणि रात्रीं न्यू जर्सींतील आपल्या वडिलांच्या दिवाणखान्यांत जॅझ मुद्रित करी! स्मॉल्समधील मुद्रिकेंत पेल्यांची किणकिण आहे, मागें कोणी हंसतो आहे, एखाद्या तानेनंतर ‘हां!’ अशी दाद येते आणि पुढचें आवर्तन त्या दादेवर पाय ठेवूनच वर चढतें. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हें ठाय लयींतलें गीत सुरू होतें तेव्हां किणकिण कमी होत जाते, ती कमी होतांना ऐकूं येते. बंद खोलींत कोणताहि मुद्रणकार ही गोष्ट निर्माण करूं शकला नसता.

असें असूनहि तबकडीवर जें आलें तें निम्मेंच. लेस्लीच्या कपाटांतून निघणारा आवाज एका दिशेनें येत नाहीं. तो भिंतींवर फेकला जातो, छतावरून परततो, आणि लहानशा खोलींत तर वादक नेमका कोठें बसला आहे हेंच कानाला कळत नाहीं. खर्जाचा स्वर पायाखालच्या फळ्यांतून अंगांत शिरतो. याउलट खर्ज जास्त ठेवला तर तबकडीची खांच रुंद करावी लागते व तबकडीवर कमी मजकूर मावतो, म्हणून कंपन्यांना तो आवरावा लागे. प्रत्यक्ष मैफलीची आणखी एक अडचण होती ती वाहतुकीची. असलें धूड दुसऱ्या मजल्यावर चढवावयाचें म्हणजे चार हमाल. कांहीं ऑर्गनवादकांनीं तर शव वाहून नेण्याच्या मोटारी घेतल्या, कारण तेवढी लांब व मजबूत गाडी दुसरी नव्हती. फिलाडेल्फिया, नेवार्क, अटलांटिक सिटी या शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांत कित्येक क्लबांनीं वाद्य कायमचेंच आणून ठेवलें. मग वादकानें केवळ हात हलवीत यावें.

इंडियानापोलिस शहरांत एक गिटारवादक दिवसां रेडिओचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत राबत असे आणि रात्रीं एकामागून एक अशा दोन ठिकाणीं वाजवी. त्याचें नांव वेस माँटगोमेरी. तो पट्टी न वापरता आंगठ्यानें तार छेडी. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यानें तेथें त्याला ऐकलें व न्यूयॉर्कला जाऊन ‘रिव्हरसाइड’ कंपनीच्या चालकांस त्याच्याविषयीं सांगितलें. आणि १९५९ च्या ऑक्टोबरांत त्या कंपनीसाठीं माँटगोमेरीची पहिली मुद्रिका झाली. त्यानें नवे साथीदार घेतले नाहींत, गांवींचेच आणले: ऑर्गनवर मेल्विन राइन, ड्रमवर पॉल पार्कर. ही त्रयी स्मिथच्या त्रयीच्या अगदीं उलट आहे. येथें ऑर्गन यजमान नाहीं, तो पाठीमागें बसून अंधुक उजेड देतो. राइनच्या ऑर्गनला ‘टक्’ फार थोडा, कंप जवळजवळ नाहींच. कोणी दिव्यावर हात धरावा तसा तो नाद आहे. ‘राउंड मिडनाइट’ ही गत या मुद्रिकेंत आहे. ज्यांना ऑर्गन म्हणजे गोंगाट वाटतो त्यांनीं प्रथम ही ऐकावी. १९६३ सालीं ‘बॉस गिटार’ या मुद्रिकेसाठीं माँटगोमेरी आणि राइन पुन्हां एकत्र आले, तेव्हां ड्रमवर जिमी कॉब होता. माँटगोमेरी १९६८ सालीं अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं वारला.

शर्ली स्कॉट ही फिलाडेल्फियाची. तिनें १९५८ सालीं काढलेल्या आपल्या पहिल्या त्रयीच्या मुद्रिकेंत गिटारऐवजीं डबल बेस घेतला आणि आपला डावा हात मोकळा ठेवला. तिचें वाजविणें हलकें, मोजक्या स्वरांचें. जॅक मॅकडफच्या जथ्यांत जॉर्ज बेन्सन हा पोरसवदा गिटारवाला पुढें आला. नेवार्कमधील ‘फ्रंट रूम’ येथील त्यांची १९६३ ची मुद्रिका प्रसिद्ध आहे. नेवार्कचाच लॅरी यंग मात्र सर्वांहून वेगळा. १९६४ मध्यें त्यानें ग्रँट ग्रीनची गिटार व एल्विन जोन्सचा ड्रम यांच्याबरोबर ‘टॉकिन् अबाउट’ ही त्रयीची मुद्रिका केली, आणि १९६५ मध्यें स्वतःची ‘युनिटी’. जॉन कोल्ट्रेननें त्या काळीं स्वरांचा जो विस्तार चालविला होता, तो यंगनें ऑर्गनवर आणला. ‘युनिटी’मध्यें केवळ ऑर्गन आणि ड्रम यांची एक जुगलबंदी आहे, तिसरा मनुष्य नसल्याची उणीव तींत भासत नाहीं. यंग १९७८ सालीं, चाळीशी गांठण्यापूर्वींच वारला.

या काळांत निघालेल्या सर्वच मुद्रिका चांगल्या आहेत असें म्हणणें हा पक्षपात होईल. कंपन्यांना एक सांचा सांपडला होता आणि त्यांतून त्यांनीं गुळाच्या ढेपा काढाव्या तशा मुद्रिका काढल्या. बारा भागांचें तेंच आवर्तन, त्याच तीन ताना, शेवटीं तोच एक स्वर दाबून धरून श्रोत्यांना ओरडावयास लावण्याची युक्ति. प्रत्यक्ष मैफलींत हा दाबून धरलेला स्वर अंगावर कांटा आणतो. घरीं दुपारीं चहा घेतांना तोच स्वर ऐकला तर दारावरची घंटा अडकली कीं काय, असें वाटतें. स्मिथहि या दोषांतून मुक्त नाहीं. त्याच्या साठ-सत्तर मुद्रिकांपैकीं पहिल्या दोनतीन वर्षांच्या, १९६० ची ‘बॅक ॲट द चिकन शॅक’, आणि १९६५ सालीं केनी बरेल व ग्रेडी टेट यांच्याबरोबर केलेली ‘ऑर्गन ग्राइंडर स्विंग’ एवढ्या संग्रहीं असल्या तरी पुरे. १९७२ सालीं त्यानें लॉस अँजेलिसमधील एका क्लबांत केलेली ‘रूट डाउन’ पुढें तरुण पिढीला फार आवडली. त्या क्लबाचें नांव ‘बॉम्बे बायसिकल क्लब’ होतें, एवढाच काय तो तिचा मुंबईशीं संबंध.

मग हा आवाज मावळला. १९६७ च्या जुलैंत नेवार्कमध्यें दंगली झाल्या आणि असल्या अनेक शहरांतील वस्त्या ओस पडूं लागल्या; ज्या क्लबांत वाद्य कायमचें मांडलेलें असे ते एकेक करून बंद झाले. हाताखालीं धरून नेतां येतील असे इलेक्ट्रिक पियानो आणि सिंथेसायझर आले. चारशें पौंडांचें धूड कोण उचलणार? १९७५ च्या सुमारास हॅमंड कंपनीनें चाकांचे ऑर्गन बनविणेंच थांबविलें. हार्लेमच्या दिवाळखोर बारमधून निघालेलीं वाद्यें भंगाराच्या भावानें विकलीं गेलीं असतील, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

त्या आवाजाला पुन्हां प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत जोई डीफ्रान्सेस्कोचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९७१ सालीं जन्मलेला हा मुलगा ऑर्गनवादक बापाच्या मांडीवर वाढला आणि सतराव्या वर्षीं माइल्स डेव्हिसच्या ताफ्याबरोबर युरोपांत गेला. १९९९ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्सवांत वृद्ध जिमी स्मिथ त्याच्या मैफलींत येऊन वाजवून गेला, आणि त्याची मुद्रिका निघाली. ८ फेब्रुवारी २००५ रोजीं स्मिथ वारला; त्याच सुमारास त्या दोघांची ‘लेगसी’ ही शेवटची मुद्रिका बाजारांत आली. पगडी बांधून वाजविणारा डॉ. लॉनी स्मिथ यानेंहि उतारवयांत नवा बहर दाखविला. तो वैद्य नव्हता, पंडितहि नव्हता, आणि त्याच्या पगडीचाहि कोणत्या धर्माशीं संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या ‘जॅझ स्टँडर्ड’ क्लबांत त्रयीसह मुद्रित केलेली व २०१८ मध्यें निघालेली त्याची ‘ऑल इन माय माइंड’ ऐकण्यासारखी आहे. तींत तो इतका हळू वाजवितो कीं, शेजारच्या टेबलावर कोणी बोलत असतें तर तें ऐकूं आलें असतें. कोणी बोलत नाहीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २०२० च्या डिसेंबरांत, तो क्लब बंद झाला.

परंतु सर्वांत विलक्षण गोष्ट आहे ती पॅट मार्टिनो या गिटारवादकाची. हाहि फिलाडेल्फियाचा. वयाच्या विशीच्या आंतच तो जॅक मॅकडफसारख्यांच्या ऑर्गन-ताफ्यांत वाजवूं लागला होता, आणि १९६७ सालीं त्यानें आपल्या स्वतःच्या नांवानें ‘एल् ओम्ब्रे’ ही पहिली मुद्रिका काढली, ट्रूडी पिट्स हिच्या ऑर्गनच्या साथीनें. १९८० सालीं त्याच्या मेंदूंतील रक्तवाहिनीच्या विकारासाठीं शस्त्रक्रिया करावी लागली. तो वांचला, पण स्मृति गेली. आईबाप ओळखूं येईनात. आपण गिटार वाजवीत होतों हेंहि आठवेना. त्याच्या वडिलांजवळ मुलाच्या जुन्या ध्वनिमुद्रिका होत्या, त्या घरांत वाजत असत. त्या ऐकून ऐकून, आणि बोटांना जें थोडें आठवत होतें त्याच्या आधारें, हा मनुष्य पुन्हां शिकला. त्याला गुरु मिळाला तो त्याचाच जुना आवाज. १९८७ पर्यंत तो पुन्हां लोकांपुढें वाजवूं लागला.

डिसेंबर २००० मध्यें कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें ‘योशीज’ नांवाच्या ठिकाणीं, जें जपानी भोजनगृह आणि जॅझचा क्लब अशा दोन्ही नात्यांनीं प्रसिद्ध आहे, मार्टिनोची त्रयी तीन रात्रीं मुद्रित झाली. ऑर्गनवर जोई डीफ्रान्सेस्को; ड्रमवर बिली हार्ट, जो १९६४ च्या सुमारास स्वतः जिमी स्मिथच्या त्रयींत होता. या मुद्रिकेंत ‘एल् ओम्ब्रे’ ही जुनी गतहि आहे. डीफ्रान्सेस्कोचा डावा हात खर्जाची चाल न थांबतां चालवितो, हार्ट झांजेवर ठेका धरतो, आणि मार्टिनो एकच लहानशी स्वराकृति पुन्हां पुन्हां, कितीतरी आवर्तनें, तिळभर न चुकतां वाजवीत राहतो, श्रोते ओरडूं लागेपर्यंत. मार्टिनो २०२१ मध्यें व डीफ्रान्सेस्को २०२२ मध्यें वारले. १९६७ ची ती जुनी मुद्रिका आणि ही नवी, दोन्ही आज मिळूं शकतात. श्रोत्यांनीं प्रथम जुनी लावावी, आणि ती संपली कीं मध्यें न बोलतां नवी.